चेंडू ठेवा, शेंगा सोला

सदाशिव पेठेतल्या एका जुन्या वाड्यातली दुपार. पॅरालिसिसचा झटका येऊन दोन महिने झालेल्या आजी खाटेवर टेकून बसल्या आहेत. दिवसभरासाठी ठेवलेल्या मावशी त्यांचा उजवा हात वर-खाली, वर-खाली करतायत. मावशींचं लक्ष टीव्हीवरच्या मालिकेत, आजींचंही. "मॅडम, रोज शंभर वेळा करून घेते," मावशी मला अभिमानानं सांगतात. खोटं नाही ते, हात शंभर वेळा हललाय. पण तो हलवला मावशींच्या मेंदूनं. व्यायाम झालाच असेल, तर तो मावशींचा.

घरोघरी जाऊन फिजिओथेरपी करताना हे चित्र मला कोथरूडला दिसतं, हडपसरला दिसतं, डॉक्टरांच्या घरातही दिसतं. माणसं मनापासून करत असतात, पैसे खर्च करत असतात, आणि सहा महिन्यांनी म्हणतात, "एवढं केलं पण हात काही सुधारला नाही."

झटक्यात हात बिघडत नाही. मेंदूच्या एका भागाचा रक्तपुरवठा तुटतो, आणि हाताला हुकूम देणाऱ्या पेशी तिथे मरतात. हात, स्नायू, हाडं जागच्या जागी असतात. नळाला पाणी येत नाही म्हणून आपण नळ घासत बसत नाही, मागची लाईन बघतो, तसंच हे. मेलेल्या पेशी परत येत नाहीत, पण त्यांच्या आजूबाजूच्या आणि काही दूरच्याही पेशी ते काम थोडंफार शिकून घेऊ शकतात. याला न्यूरोप्लास्टिसिटी म्हणतात. मेंदूची लवचिकता म्हणा. मात्र हे शिकणं सायकल शिकण्यासारखं आहे. मागून कुणी सीट धरून पळत राहिलं आणि आपण डोळे मिटून बसलो, तर सायकल येत नाही. प्रयत्न स्वतःचा लागतो, लक्ष लागतं, चूक व्हावी लागते, आणि पुन्हा पुन्हा करावं लागतं.

दुसऱ्यानं हलवून दिलेल्या हालचालीचा उपयोग अगदीच नाही असं नव्हे. सांधा आखडू नये, त्वचा धड राहावी, यासाठी ती हवीच. पण त्याला देखभाल म्हणा, शिकवणी नव्हे. मावशींना एवढंच सांगा की आधी आजींना विचारा, "हात उचलायचाय, तुम्ही सुरुवात करा." दहा सेकंद थांबा. खांद्याशी नुसती हालचालीची चाहूल लागली तरी चालेल. मग उरलेलं तुम्ही पुरं करा. आणि त्या वेळी टीव्ही बंद.

पुन्हा पुन्हा म्हणजे किती? २००९ साली अमेरिका आणि कॅनडातल्या संशोधकांनी झटक्यानंतरच्या थेरपीच्या सत्रांत बसून हालचाली चक्क मोजल्या. हातानं काहीतरी काम करण्याचे प्रयत्न एका सत्रात सरासरी भरले ३२. प्राण्यांच्या मेंदूत ज्या प्रयोगांनी बदल दाखवले, त्यांत एका बैठकीत ४०० ते ६०० वेळा हालचाल करून घेतलेली असते. म्हणजे माझ्यासारखी येऊन पाऊण तास देते, त्यात हिशेब पुरा होणं शक्यच नाही. तो होतो मी गेल्यावर, उरलेल्या दिवसात, तुमच्या घरात. मी धडा देऊन जाते, गृहपाठ तुमचा. हे ऐकून काही घरांत चेहरे पडतात, पण इलाज नाही.

आता चेंडूबद्दल. झटका आलेल्या माणसाला भेटायला येणारा प्रत्येक पुणेकर दोन गोष्टी आणतो: शहाळं आणि मऊ चेंडू. "दाबत राहा हो, ताकद येईल." बहुतेक रुग्णांना मूठ वळायला अडचण नसते, उघडायला असते. बोटं आतल्या बाजूला ओढली जातात, हात छातीशी दुमडतो. अशा हातानं दिवसभर चेंडू दाबायचा म्हणजे जे आपोआप होतंय त्याचाच सराव करायचा. सराव हवाय तो सोडण्याचा. ग्लास धरता येतो पण ठेवता येत नाही, ही खरी तक्रार असते. म्हणून वाटी उचला आणि सोडा, बाटलीचं झाकण सोडा, हातातलं फूल ताटात टाका. हाताला अजून काहीच येत नसेल तर टेबलावर रुमाल ठेवून त्यावर हात ठेवायचा आणि रुमाल पुढे सरकवायचा. तेही काम आहे.

आजींसाठी मी मटार आणायला सांगितले. शेंग सोलणं जवळून बघितलंय कधी? डाव्या हातात शेंग धरायची, उजव्या अंगठ्यानं टोकाशी दाब द्यायचा, तो नेमका पडला तर शेंग 'टक्' करून उकलते. मग अंगठा आतून घसरवत न्यायचा, दाणे वाडग्यात पडतात. मग बोटं उघडायची आणि टरफल बाजूला टाकायचं. धरणं, दाबणं, सरकवणं, सोडणं, सगळं आलं. दाब कमी पडला तर शेंग उकलत नाही, जास्त झाला तर दाणा चेंगरतो. बरोबर की चूक हे सांगायला मी लागत नाही, शेंगच सांगते. पाव किलोत किती शेंगा असतात ते मोजून बघा, म्हणजे कळेल की कंटाळा न येता केवढा सराव झाला. शिवाय संध्याकाळी उसळ होते, आणि दोन महिने घरात नुसतं सेवा करून घेणाऱ्या बाईनं उसळीचे मटार सोलले, याची किंमत वेगळीच. पहिल्या दिवशी आजींच्या सात शेंगा झाल्या. सुनेनं चटकन वाडगं पुढे ओढलं, "राहू द्या आई, मी करते." तिथे मला मध्ये पडावं लागलं.

मटारचा हंगाम नसेल तर भुईमुगाच्या ओल्या शेंगा, लसणाच्या पाकळ्या, मेथी निवडणं, फुलवाती वळणं. पुरुषांना हे 'बायकी' वाटतं आणि ते नाक मुरडतात. त्यांना पत्ते पिसायला द्या, चिल्लर मोजायला द्या, शर्टाची बटणं द्या, कॅरम द्या. आयुष्यभर जे हातानं केलं त्यात मेंदूचे जुने ठसे असतात आणि त्यात मनही लागतं. मनासारखं नसलेलं काम चारशे वेळा कुणी करत नाही. एक सावधगिरी मात्र घ्या. गिळायला त्रास असलेल्या माणसाला सोललेले दाणे तोंडात टाकू देऊ नका.

चांगला हात हा दुखऱ्या हाताचा शत्रू असतो, हे जरा विचित्र वाटेल. उजव्यानं होत नाही म्हणून डाव्यानं केलं, की डाव्याची सवय लागते आणि उजवा येत असूनही वापरला जात नाही. अमेरिकेतल्या एडवर्ड टाउब यांनी यावर उपाय काढला: चांगल्या हाताला हातमोजा चढवून त्याला बांधून ठेवायचं आणि दुसऱ्याला कामाला लावायचं. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, झटका येऊन ३ ते ९ महिने झालेल्या २२२ रुग्णांवर ही पद्धत तपासली गेली. दोन आठवडे, जागेपणीच्या ९० टक्के वेळात मोजा घालून. ज्यांनी ती केली त्यांचा हात जास्त सुधारला आणि सुधारणा वर्षभरानंतरही टिकून होती. पण ही पद्धत सगळ्यांसाठी नाही. मनगट आणि बोटं थोडीतरी स्वतःहून वर उचलता येत असतील तरच तिचा उपयोग; नाहीतर माणूस नुसता रडकुंडीला येतो. चालताना, जिन्यावर, न्हाणीघरात मोजा घालायचा नाही, कारण पडताना सावरायला तोच एक हात असतो. घरगुती आवृत्ती म्हणून रोजची दोन-तीन कामं ठरवून द्या. दिव्याचं बटण, टीव्हीचा रिमोट, पाण्याचा ग्लास. ही कामं फक्त उजव्याचीच.

आणि ज्यांचा हात अजून निपचित पडलाय त्यांच्यासाठी आरसा. १९९० च्या दशकात डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी तो आधी हात कापलेल्या माणसांवर वापरला. नसलेला हात दुखतो, त्याची मूठ आवळलेली वाटते, आणि आरशात चांगल्या हाताचं प्रतिबिंब बघत मूठ उघडली की काहींची ती नसलेली मूठही सुटते. ज्या शहरात १९४४ पासून लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र आहे, त्या शहराला नसलेल्या पायाचं दुखणं काही नवीन नसावं. पुढे हीच युक्ती झटक्यानंतरच्या हातासाठी आली आणि आज तिच्यामागे बराच चांगला पुरावा आहे. काचवाल्याकडून फूट-दीड फुटाचा, कडा चौकटीत बसवलेला आरसा आणा. टेबलावर शरीराच्या मधोमध, नाकासमोर उभा करा, चकचकीत बाजू चांगल्या हाताकडे. दुखरा हात आरशामागे. आता आरशात बघत चांगल्या हाताची मूठ उघडा-मिटा, तळवा उलटा-सुलटा करा, आणि त्याच वेळी मागचा हातही तसंच करतोय असा प्रयत्न करा. सावकाश, पंधरा मिनिटं, दिवसातून दोनदा. चांगल्या हातातल्या बांगड्या, अंगठी, घड्याळ काढून ठेवा. मेंदूला तो दुसरा हात वाटायला हवा, आणि बांगडी दिसली की सोंग उघडं पडतं. ज्यांना एका बाजूचं जगच लक्षात येत नाही, ताटातली अर्धी बाजू जेवायची राहते, त्यांनी हे थेरपिस्ट समोर असतानाच करावं.

खांद्याबद्दल एक वाक्य, पण ते भिंतीवर चिकटवा: लुळ्या हाताला धरून माणसाला कधीही ओढू, उठवू नका. काखेत हात घालूनही नाही. आधार देणारे स्नायू लुळे पडल्यानं खांद्याचा सांधा तेव्हा निव्वळ अस्थिबंधनांच्या भरवशावर लटकत असतो. एकदा तो दुखायला लागला की पुढचे तीन महिने सगळी थेरपी त्या दुखण्याभोवतीच फिरते. दारावर दोरी-कप्पी लावून हात वर ओढायचा प्रकारही अशा खांद्याला नको. दवाखान्याच्या दुकानात ती मिळते म्हणून चांगलीच असेल, असं नाही.

सुरुवात कधी करायची? तब्येत स्थिर झाली की लवकर, पण भलत्या घाईनं नाही. २१०४ रुग्णांच्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीचे निष्कर्ष २०१५ साली आले. पहिल्या २४ तासांतच रुग्णाला वारंवार, जास्त वेळ उठवण्या-चालवण्याचा परिणाम उलट वाईट निघाला. तेव्हा पहिले दोन-तीन दिवस डॉक्टरांचं ऐका. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा सगळ्यात वेगानं होते, म्हणून ते दिवस पाहुण्यांच्या रांगेत घालवू नका. सहा महिन्यांनी दार बंद होतं, ही समजूतही चुकीची आहे. वेग कमी होतो एवढंच. रात्रीची झोप पुरी होऊ द्या, शिकलेलं पक्कं व्हायला ती लागते. झटक्यानंतर साधारण तीनातल्या एकाला नैराश्य येतं. "ते आता प्रयत्नच करत नाहीत," अशी तक्रार घरातून आली की मी आधी तिकडे बघते. त्यावर औषध आहे, रागावणं हे औषध नव्हे.

आता कंपवाताकडे, म्हणजे पार्किन्सन्सकडे वळते, कारण मेंदूला हालचाल वेगळ्या वाटेनं शिकवता येते याचं सगळ्यात देखणं उदाहरण पुण्यातच आहे. नर्तक हृषीकेश पवार यांनी २०१० च्या सुमारास इथल्या पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी नृत्याचा वर्ग सुरू केला. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेनं २००१ मध्ये असेच वर्ग सुरू केले होते. पुण्यातल्या पार्किन्सन्स मित्रमंडळाचे सभासद, म्हणजे साठी-सत्तरी ओलांडलेली, कधी नाचाच्या वाटेला न गेलेली मंडळी या वर्गाला जाऊ लागली. एरवी उंबरठ्याशी पाय जमिनीला चिकटतात ती माणसं संगीत सुरू झालं की पावलं टाकतात, हे ज्यानं बघितलं नाही त्याला पटत नाही.

त्यात जादू नाही. आपण चालतो तेव्हा 'आता डावा, आता उजवा' असं म्हणत नाही. मेंदूच्या आत खोलवर हा ठेका आपोआप वाजत असतो. पार्किन्सन्समध्ये तो आतला ठेका मंदावतो, अडखळतो. पण ठेका बाहेरून दिला, कानाला किंवा डोळ्याला, तर मेंदू दुसऱ्या वाटेनं ते काम करून घेतो. म्हणून सपाट फरशीवर अडकणारे काका पर्वतीच्या पायऱ्या मात्र चढून जातात. पायरी डोळ्यांना सांगते की पाऊल कुठे टाकायचं.

याचा उपयोग घरी असा करा. जिथे पाय अडकतात तिथे, बहुधा दारात किंवा वळणावर, फरशीवर आडव्या रंगीत चिकटपट्ट्या लावा, एकेका पावलाच्या अंतरावर, आणि प्रत्येक पट्टी ओलांडायला सांगा. ठेक्यासाठी मोबाइलवर मेट्रोनोम मिळतो, पण आपल्याकडे त्याहून सरस चिजा आहेत. लेझीम हातात घेऊन वाढलेली पिढी आहे ही. पालखीत टाळ-मृदंगावर पावली खेळतात ती बघितलेली असते. 'ज्ञानोबा-तुकाराम'च्या गजरावर खोलीभर चालवून बघा. लय फार जलद नको. तुमच्या माणसाच्या नेहमीच्या चालीच्या जवळपास ठेवा. अडकल्यावर मात्र पुढून ओढू नका आणि "चला, चला" करू नका. थांबा, एक श्वास, वजन एका पायावरून दुसऱ्यावर झुलवा, मग एक मोठं पाऊल. मोठं हा शब्द महत्त्वाचा. या आजारात सगळंच लहान होत जातं: पाऊल, आवाज, अक्षर. पेन्शनर मंडळींची बँकेत सही जुळेनाशी होते ती यामुळेच. शाळेतली दुरेघी वही आणा आणि रोज एक पान दोन्ही रेघांना टेकेल असं लिहायला द्या. औषधाच्या दोन मात्रांमध्ये हालचाल सगळ्यात मोकळी असते तो तास व्यायामाला ठेवा. आणि कवचबीजाचं चूर्ण कुणी सुचवलं तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. त्यात लेव्होडोपा खरोखरच असतं, म्हणूनच चालू गोळ्यांच्या भरीला ते जास्त होऊ शकतं.

पडण्याबद्दल एक सोपी परीक्षा आहे. चालताना तुम्ही काही विचारलं आणि उत्तर द्यायला तुमचे वडील थांबले, तर सावध व्हा. १९९७ साली स्वीडनच्या संशोधकांनी दाखवलं की असं थांबणारी वृद्ध माणसं पुढे जास्त पडतात. चालणं आपोआप होत नाही, त्यालाच सगळं लक्ष लागतं, असा त्याचा अर्थ. अशांच्या बाबतीत रस्त्यावर गप्पा बंद, फोन तर नकोच. पुण्याच्या फुटपाथवर उखडलेले ब्लॉक आणि समोरून चढून येणारी दुचाकी हेच पुरेसं असतं. घरात मात्र, बाजूला भिंत आणि हाताशी माणूस ठेवून, दोन कामांचा सराव करा. चालता चालता भाज्यांची नावं, मग पाढे. जुन्या पिढीला पावकी, निमकी तोंडपाठ असते, त्यामुळे ती फार सोपी जाते. तेव्हा बेचा पाढा उलटा म्हणायला लावा. पावलं अडखळू लागली की काम सोपं करा.

फिजिओ निवडताना महाराष्ट्र राज्य परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. विचारल्यावर राग येत असेल तर दुसरा बघा. हल्ली पाटीवर 'न्यूरो' शब्द असला की दर वाढतो. पाटी बघू नका, पहिल्या भेटीत काय विचारतात ते बघा. "तुम्हाला स्वतःला काय करता यायला हवंय?" हा प्रश्न आला नाही आणि थेट मशीन जोडलं गेलं, तर तो पैसा शेकण्याचा आहे. करंटचं मशीन वाईट नाही. निवडक रुग्णांत, स्वतःच्या प्रयत्नाच्या जोडीला त्याचा उपयोग होतो. पण "करंट देता का?" हाच पहिला प्रश्न रुग्णाकडून येतो, तेव्हा मला मावशींची ती मालिका आठवते.

व्यायाम करताना छातीत दुखलं, चक्कर आली, दम फार लागला तर थांबा. तोंड अचानक वाकडं झालं, एक हात पडला, जीभ जड झाली तर व्यायाम, मालिश, लिंबू-सरबत काही नको. १०८ ला फोन करा आणि लक्षणं किती वाजता सुरू झाली ते लिहून ठेवा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.

आजी आता एका बैठकीला पाव किलो मटार संपवतात. उजवा हात अजून वेणी घालण्याइतका वर जात नाही. तुमच्या घरी हे सुरू कराल तेव्हा पहिले काही दिवस सात शेंगांना अर्धा तास लागेल, आणि वाडगं पुढे ओढून घ्यायची तुम्हाला फार इच्छा होईल. तेवढं करू नका.